झुडपाला ओल, कंदाला गारवा: पावसाळा सरल्यावरची लागवड

हस्ताचा पाऊस पडून गेला, मागून दोन-तीन दिवस कडक ऊन पडलं आणि कुदळ मारल्यावर माती चिकटत नाही, ढेकळंही निघत नाहीत, मोकळी उलटते, की वाफसा आला असं समजावं. फुलझाडं लावायची वर्षातली दुसरी संधी ती हीच. पहिली मृगात येते. पण मृगात लावलेल्या रोपाला पुढे तीन महिने मुळाशी साचणारं पाणी, माजणारं तण आणि गोगलगायी या सगळ्यांतून निभावावं लागतं. आश्विनात माती कोमट असते, वरचा थर सुकला तरी खाली दीड-दोन फुटांपर्यंत ओल टिकून असते, आणि मार्चचं ऊन यायच्या आत मुळांना पसरायला चांगले चार-साडेचार महिने मिळतात. पाण्याची सोय असेल तर झुडपांसाठी आम्ही मृगापेक्षा हीच वेळ पसंत करतो.

फसगत होते ती सगळं एकाच आठवड्यात लावल्यामुळे. युरोप-अमेरिकेतल्या बागांसाठी लिहिलेल्या माहितीत शरदात झुडपं, बहुवर्षायू (वर्षानुवर्षं टिकणारी) फुलझाडं आणि कंद एकत्रच लावायला सांगितलेलं असतं, कारण तिथली माती त्या वेळी दिवसेंदिवस गार होत जाते. आपल्याकडे शरदाचे दोन तुकडे पडतात. आधी ऑक्टोबरची उष्णता: दुपारी ३३ ते ३५ अंश, कोरडा वारा. दिवाळीच्या आसपास रात्री गार व्हायला लागतात तो दुसरा तुकडा. झुडपाला ओल हवी, म्हणून ते पहिल्या तुकड्यात. कंदाला गारवा हवा, म्हणून तो दुसऱ्यात. ओल्या कोमट मातीत घाईने पुरलेला कंद उगवायच्या आधी सडतो, आणि दोष मात्र विकणाऱ्याला दिला जातो.

तारखांत सांगायचं तर गुलाब, झुडपं आणि वेली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत. कंद रात्रीचं तापमान सलग आठवडाभर २० अंशांच्या खाली राहिल्यावर. नाशिक, पुणे, नागपूर भागांत हे साधारण ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होतं. मुंबई आणि कोकणपट्टीत नोव्हेंबर संपत येतो, आणि तिथे मोजकेच कंद घ्यावेत.

रोपं निवडताना

रोपवाटिकेत फुलांनी लगडलेलं रोप उचलायचा मोह होतो. त्यापेक्षा कळ्या कमी पण बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप घ्यावं. पिशवीच्या तळाशी बोट लावून पाहा. एखाद-दुसरं पांढरं मूळ बाहेर डोकावत असेल तर उत्तम. जाड, तपकिरी मुळांचा गुंडाळा बाहेर आला असेल तर ते रोप पिशवीत वर्षभर अडकून पडलेलं आहे. जास्वंदीच्या शेंड्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. असं रोप स्वस्तातही नको, कारण ते बाकीच्या बागेलाही लागण करतं.

आता मातीच्या गड्ड्याबद्दल. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत काय किंवा मुंबई-ठाण्यात काय, विक्रीला असलेली पुष्कळ रोपं आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून आलेली असतात. ती लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात बसवलेली असतात. प्रवासात गोळा फुटू नये म्हणून ही माती सोयीची आहे, पण आपल्या बागेत तीच अडचण करते. गोळा एकदा सुकला की विटेसारखा होतो, आजूबाजूच्या भुसभुशीत मातीतून पाणी निघून जातं आणि आत एक थेंब शिरत नाही. खड्डा ओला आणि रोप तहानलेलं, असा प्रकार होतो. यावर उपाय असा: लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १५ ते २० मिनिटं. मग पिशवी उभी चिरून काढा आणि गोळ्याच्या बाहेरचा एक ते दीड सेंटीमीटर थर काट्याने किंवा बोथट खिळ्याने खरवडून मुळांची टोकं मोकळी करा. तळाशी मुळं गोल फिरलेली असतील तर तेवढा वेटोळा कात्रीने कापा. तसाच ठेवला तर मुळं खड्ड्यातही गोलच फिरत राहतात आणि दोन वर्षांनी झाड वाऱ्याने डुलायला लागतं.

बोगनवेलीच्या बाबतीत मात्र यातलं काहीही करू नका. तिची मुळं ठिसूळ असतात. पिशवीचा तळ कापून, रोप खड्ड्यात बसवून, मग बाजूची पिशवी अलगद वर ओढून घ्यायची.

खड्डा

जास्वंद, तगर, कुंद, कण्हेर, पारिजातक यांच्यासाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल. गुलाबाला सव्वा फूट चालतो. वरची सहा-आठ इंच माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. खालची माती बहुधा मुरमाड किंवा चिकण असते, ती पुन्हा मुळांशी जाऊ द्यायची नाही. खड्डा चार-पाच दिवस उघडा ठेवून ऊन खाऊ द्या. ऑक्टोबरच्या उन्हाचा एवढा फायदा घ्यायलाच हवा.

काळ्या जमिनीत एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्यावी. माती जराशी जास्त ओली असताना खणलं तर कुदळीच्या पात्याने खड्ड्याच्या भिंती गिलावा केल्यासारख्या चकचकीत होतात. बोट फिरवलं तर साबणासारखं गुळगुळीत लागतं. या भिंतीतून ना पाणी पाझरत, ना कोवळं मूळ आरपार जात. बागेत खड्डा करायला गेलो आणि जमिनीत मडकं पुरलं, असं होऊन बसतं. भिंती खुरप्याने उभ्या-आडव्या खरवडून खडबडीत करा आणि तळ पहारीने ठिकठिकाणी टोचून मोकळा करा.

निचरा तपासायला खड्डा पाण्याने भरून पूर्ण मुरू द्या, मग दुसऱ्यांदा भरा. दुसऱ्या खेपेला पाणी तासाला दोन-तीन सेंटीमीटर तरी उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसत असेल तर तिथे खड्ड्याचा नाद सोडून द्या. जमीन फक्त वीतभर खणून, वर फूटभर उंच आणि तीन फूट रुंद मातीचा उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. खड्ड्यात वाळू ओतून निचरा सुधारेल असं बऱ्याच जणांना वाटतं. भोवती चिकण काळी माती तशीच असेल तर आजूबाजूचं पाणी उलट त्या वाळूत येऊन साठतं.

कोकणातल्या जांभ्याचा प्रश्न याच्या नेमका उलट. तिथे पहारीशिवाय खड्डा होत नाही, आणि भरलेलं पाणी बघता बघता नाहीसं होतं. तिथे खड्डा दोन फुटांचा घ्या आणि खताचं प्रमाण दुप्पट ठेवा. सोसायटीच्या आवारात खणताना विटांचे तुकडे, प्लास्टर, सिमेंटचे गठ्ठे निघतात. ते सगळे वेचून बाहेर काढा. नुसते अडचण करतात म्हणून नाही. त्यातल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडण्याचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

दीड फुटाच्या एका खड्ड्याचं भरण असं: वरच्या थराची माती तीन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग, म्हणजे साधारण दोन घमेली. त्यात २०० ग्रॅम निंबोळी पेंड, १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट किंवा १५० ग्रॅम हाडांचा चुरा आणि २० ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकुजीला आळा घालणारी उपयुक्त बुरशी. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येत असेल तर ते कुजलेलं नाही. कच्च्या खताने मुळांना गरमी लागते आणि त्याच्या मागे वाळवी आणि मुळं खाणारी हुमणी अळी हमखास येतात. युरिया किंवा कुठलंही नत्राचं खत लागवडीच्या वेळी नको. नव्या मुळांना ते भाजतं, आणि ज्या झाडाला अजून मूळच नाही त्याला पाला फोडायला भाग पाडतं.

भरलेला खड्डा जमिनीपेक्षा तीन-चार इंच उंच राहू द्या, दोन बादल्या पाणी घाला आणि आठवडाभर बसू द्या. ही पायरी गाळायची नाही. आजच भरून आजच लावलं तर माती खाली बसते, तिच्यासोबत रोप खचतं, बुंधा मातीत जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच सडायला लागतो.

लावणी

वेळ दुपारी साडेचारनंतरची. बसलेल्या मातीत गड्ड्याच्या मापाचाच खळगा करा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच, किंवा बोटभर वर. थोडं वर चालेल, खोल अजिबात चालणार नाही. भोवतीची माती हाताच्या मुठीने दाबा, पायाने तुडवू नका. काठी लावायची असेल तर आधी काठी, मग रोप.

गुलाबाचा डोळा भरलेला जोड हा स्वतंत्र विषय आहे. बुंध्यावर जिथे गाठीसारखा फुगीर भाग असतो, खाली एका जातीची साल आणि वर दुसरीची, तो जोड. थंड देशांत बर्फापासून वाचवण्यासाठी हा जोड मातीत गाडायला सांगतात. आपल्याकडे तो मातीच्या वर दोन ते तीन बोटं मोकळा हवा. गाडला तर एक तर तिथे बुरशी धरते, किंवा खालच्या रानटी खुंटाला जोर येतो. जोडाच्या खालून निघणारी, बारीक पानांची, सरळसोट वाढणारी फूट दिसली की ती कात्रीने कापू नका, माती बाजूला करून मुळाशी धरून ओढून काढा. कापलेली फूट दुप्पट जोमाने येते.

बागेतल्या जुन्या गुलाबांची ऑक्टोबर छाटणीही याच दिवसांतली, नाशिककडे द्राक्षबागांची चालते तेव्हाच. पाऊस पुरता थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात छाटलेल्या गुलाबाला साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुलं येतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर तिरका काप घ्या आणि कापावर बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं वापरू नका, मोरचूद ते खातं. नव्याने लावलेल्या गुलाबाची ही छाटणी यंदा करायची नाही. मोडकी, वाळकी काडी काढली की पुरे.

पाणी: खरी कसोटी

पहिल्या तीन आठवड्यांत मरणारी रोपं तहानेपेक्षा भिजून जास्त मरतात, निदान काळ्या जमिनीत तरी. ऑक्टोबरच्या दुपारी नव्या रोपाची पानं माना टाकतातच. ते पाहून पाणी घातलं जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा माना पडलेल्या दिसतात, पुन्हा पाणी. मुळं गुदमरतात, पाणी ओढू शकत नाहीत, आणि भिजलेल्या मातीत उभं राहून झाड वाळतं. म्हणून निर्णय सकाळी सातला घ्या. दुपारी मलूल आणि सकाळी ताजं, तर काहीही करू नका. सकाळीही मलूल असेल तर बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर मुळांत बिघाड आहे. पाणी थांबवून आळं उकरून मोकळं करा.

अंदाज म्हणून झुडपाला लावणीच्या दिवशी दोन खेपांत मिळून १० लिटर. पुढचे दहा दिवस एक दिवसाआड ५ लिटर. मग दिवाळीपर्यंत तीन-चार दिवसांनी ८ ते १० लिटर. डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एकदा, आणि फेब्रुवारीपासून पुन्हा पाळ्या जवळ आणायच्या. भारी काळ्या मातीत पाळ्यांतलं अंतर दीडपट करा, जांभ्यावर अर्धं.

आळं दुहेरी करा. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना ही पद्धत ठाऊक आहे. खोडाला पाणी लागून डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, होऊ नये म्हणून ते खोडाभोवती मातीचा एक छोटा कडा करतात, आणि पाणी त्या कड्याच्या आणि बाहेरच्या कड्याच्या मधल्या जागेत राहतं. झुडपालाही तेच. आतला कडा बुंध्याभोवती जेमतेम दोन-तीन इंचांचा ठेवा, म्हणजे पाणी गड्ड्यावर पडेल पण सालीला लागणार नाही. महिन्याभराने बाहेरचा कडा वीतभर लांब सरकवा. मुळं पाण्याच्या मागे जातात.

‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण भाताची असली तरी चित्रा नक्षत्राचा, म्हणजे साधारण १० ते २३ ऑक्टोबरमधला पाऊस नव्या लागवडीलाही नकोच असतो. आभाळ भरून आलं की बाहेरचा कडा उताराच्या बाजूने खुरप्याने फोडा, पाऊस गेल्यावर पुन्हा बांधा. एवढ्या दोन मिनिटांच्या कामाने रोप वाचतं.

आच्छादन दोन-तीन इंच जाड. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, सोयाबीनचं कुटार, वाळलेला पाला, जे जवळ मिळेल ते. बुंध्यापासून चार बोटं लांब. पश्चिमेच्या बाजूने पहिले दहा दिवस कडुलिंबाच्या फांद्या, झावळ्या किंवा हिरवी जाळी उभी करून दुपारचं ऊन अडवा. चारही बाजूंनी झाकू नका.

कोणती झुडपं

जास्वंद, तगर, कण्हेर, टेकोमा, चित्रक आणि पारिजातक या दिवसांत निर्धास्त लावा. दोन झाडांत जास्वंदीला पाच फूट, कुंपणाच्या तगरीला दोन फूट, पारिजातकाला आठ ते दहा फूट. बोगनवेलीला सात-आठ फूट आणि पूर्ण ऊन. कुंद आणि कोरांटी आत्ता लावली तर पहिल्याच थंडीत थोडी फुलं देऊन जातात, म्हणून नवख्याने सुरुवात यांच्यापासून करावी. मुरमाड, उताराच्या जागेला धायटी फार चांगली. सह्याद्रीचं आपलं झाड आहे, थंडी संपता संपता लाल फुलांनी भरते आणि फुलचुख्या तिच्यावरून हलत नाहीत. तिला खतही फारसं नको.

मोगरा लावला तर चालतो, पण थंडीत तो मुका राहणार. पानं पिवळी होऊन गळली म्हणून खत-पाण्याचा मारा करू नये.

अनंत आणि एक्झोरा यांच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ही झाडं कायम आजारी दिसतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. लोह मातीत असतं, पण अल्कधर्मी मातीत झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारलं तर नवी पानं हिरवी येतात, पण बोअरवेलच्या जड पाण्याने प्रश्न पुन्हा उभा राहतो. अशा जमिनीत ही दोन झाडं कुंडीत लाल मातीत ठेवावीत. कोकण-गोव्याच्या जांभ्यावर मात्र ती मजेत वाढतात.

घाणेरी मुद्दाम विकत आणून लावू नका. ती रानात पसरून बाकी सगळं दाबून टाकते.

बहुवर्षायू फुलझाडं

जरबेरा या दिवसांत लावावा, आणि तो मरतो तो एकाच कारणाने. पानं जिथून फुटतात तो मधला गड्डा मातीत गेला की कुजतो. लावताना गड्डा मातीच्या पातळीपेक्षा एक ते दोन सेंटीमीटर वर हवा. रोप थोडं कलंडेल असं वाटतं, पण आठवड्याभरात मुळं त्याला धरतात. पाणी नेहमी बाजूने, पानांच्या मध्ये कधीच नाही. दोन रोपांत एक फूट. मावळात तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये तो उंच गादीवाफ्यांवर लावलेला दिसतो, तो याच कारणाने. घरी वीतभर उंच वाफा पुरतो.

शेवंतीचा हंगाम समजून घ्या. दिवस लहान झाले की तिला कळ्या धरतात, त्यामुळे ऑक्टोबरात ती फुलण्याच्या तयारीत असते. आत्ता तिचा गड्डा फोडून विभागला तर फुलंही जातात आणि रोपंही. आत्ता कुंडीतलं रोप आणून आहे तसं मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात बसवा. फुलं संपल्यावर झाड जमिनीपासून चार बोटांवर कापा, मग बुंध्यातून येणारे धुमारे फेब्रुवारीनंतर सोडवून लावा. थंडीत फुलणाऱ्या कुठल्याही झाडाची विभागणी शरदात करू नये, हे धरून चालावं.

पावसाळ्यात फुलून गेलेल्या डे-लिली आणि रेन लिली यांचे दाटलेले गड्डे मात्र खुशाल सोडवा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुटवे आणि मुळं राहू द्या, पानं अर्धी छाटा म्हणजे ती कमी पाणी उडवतील, आणि वीतभर अंतराने लावा.

आता कंद

आधी ट्यूलिप, कारण दर वर्षी चौकशी त्याचीच जास्त असते. ट्यूलिपच्या कंदाला तीन महिन्यांहून जास्त काळ कडक गारवा लागतो, त्याशिवाय आतला फुलाचा दांडा लांबत नाही. श्रीनगरमध्ये दल सरोवराच्या काठच्या ट्यूलिप बागेत कंद शरदात मातीत जातात, हिवाळा तिथेच काढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. महाराष्ट्रात तेवढी थंडी कुठेच पडत नाही. आधीच शीतगृहात ठेवलेले कंद आणून डिसेंबरात कुंडीत लावले तर एक वेळ फूल येतं, दुसऱ्या वर्षी नाही. तेवढ्या पैशांत ग्लॅडिओलसचा अख्खा वाफा होतो.

ग्लॅडिओलस हा आपल्या थंडीतला सगळ्यात भरवशाचा. कंद चार ते पाच सेंटीमीटर व्यासाचा, आणि लाडवासारखा उंच, फुगीर घ्या. पसरट, पापडासारखा चपटा कंद मोठा दिसला तरी जुना असतो, त्याचा तुरा बारीक येतो. नुकताच जमिनीतून काढलेला कंदही नको. त्याला जवळपास तीन महिन्यांची विश्रांती आणि गारवा मिळालेला हवा. विकत घेताना वरच्या टोकाला पांढरट कोंब जागा झालेला आणि तळाच्या कड्याभोवती बारीक मुळांचे दाणे दिसले तर कंद तयार आहे.

लावण्याआधी वरची तपकिरी, कागदासारखी साल सोलून काढा. सालीखाली काळसर खोलगट डाग असतील तर तो कंद बाजूला ठेवा. बाकीचे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या लिटरला दोन ग्रॅम या द्रावणात अर्धा तास बुडवून सावलीत निथळवा, हातमोजे घालून. वाफा पूर्ण उन्हाचा. ओळींत एक फूट, कंदांत वीतभरापेक्षा थोडं कमी, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर. खोली हलक्या मातीत ८ सेंटीमीटर, काळ्या मातीत ५ ते ६. चार-पाच पानांवर आल्यावर बुंध्याला मातीची भर द्या, नाहीतर तुरा लोळतो. बारा इंची कुंडीत चार-पाच कंद बसतात.

पाणी देताना दोन टप्पे चुकवू नका: दोन-तीन पानांवर असताना आणि सहा-सात पानांवर असताना. पहिल्या टप्प्यात आत तुरा घडायला लागतो, दुसऱ्यात तो बाहेर यायला निघतो. या वेळी ताण पडला तर तुऱ्यावर फुलं कमी भरतात. जातीप्रमाणे ६० ते ९० दिवसांत फुलं येतात. सगळे कंद एकदम न लावता पंधरा-पंधरा दिवसांनी तीन हप्त्यांत लावले तर जानेवारीपासून मार्चपर्यंत घरात फुलं राहतात.

झुडपांच्या खड्ड्यात सांगितलेलं सुपर फॉस्फेट ग्लॅडिओलसला घालू नका. त्यातल्या फ्लोराइडने याच्या पानांची टोकं करपतात. पाणी कमी पडलं असं समजून लोक पाणी वाढवतात आणि मग कंदही सडतो. हाडांचा चुरा आणि कंपोस्ट पुरेसं आहे. पानांवर चंदेरी रेघा दिसल्या तर फुलकिडे. निंबोळी तेल लिटरला पाच मिलिलिटर, थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा.

डेलियाचा कंद रताळ्यासारखा दिसतो, पण रताळ्यासारखा कुठूनही फुटत नाही. डोळा मानेवरच्या जुन्या खोडाच्या तुकड्यात असतो. मान मोडलेला कंद कितीही टणटणीत असला तरी तो पानंही देणार नाही आणि फुलंही. काठी आधी रोवा, मग तिच्याशेजारी कंद आडवा, डोळा वर, चार-पाच इंच खोल. नंतर काठी ठोकायला गेलं तर ती नेमकी कंदात घुसते. एकदा माती ओलवून कोंब दिसेपर्यंत पाणी बंद. चौथ्या पानजोडीवर शेंडा खुडा.

अ‍ॅमेरिलिसचा कंद एक तृतीयांश मातीच्या वर राहू द्या, कुंडी कंदापेक्षा जेमतेम दोन बोटं रुंद. डिसेंबरात पाणी तोडा. पानं पिवळी पडतील, पडू द्या, हिरवी असताना कापू नका. फूल मार्च-एप्रिलमध्ये. नर्गिसच्या पेपरव्हाइट प्रकाराला कडक थंडीची गरज नसते, त्यामुळे मुंबईतही खिडकीत तो दीड-दोन महिन्यांत फुलतो. रॅननक्युलसचे खेकड्याच्या नांग्यांसारखे कंद तीन-चार तास पाण्यात भिजवून, नांग्या खाली करून, दोन इंच खोल लावायचे. रात्रभर भिजवले तर लगदा होतो. ते पुणे, नाशिक, नागपूरकडे जमतात, किनारपट्टीवर नाही.

निशिगंधाचे कंद आत्ता विकायला दिसले तरी घेऊ नका. त्याची लागवड एप्रिल-मेची.

थंडी पडल्यावर

डिसेंबरात मुसांडा, क्रोटन, एक्झोरा यांची पानं तांबूस होऊन वाढ थांबते. ते थंडीचं आहे, रोग नाही. निफाडसारख्या ठिकाणी पारा फार खाली जातो, तिथे रात्री पोत्याचं तरट पानांना न टेकता काठ्यांवर घाला आणि संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती कोरडीपेक्षा ऊब जास्त धरते. झुडपांना पहिलं खत फेब्रुवारीत, नवी पालवी दिसल्यावर.

ग्लॅडिओलसचा तुरा खालच्या एक-दोन कळ्यांत रंग दिसला की कापा, पण झाडावर चार-पाच पानं ठेवून. पुढच्या वर्षीचा कंद या पानांच्याच जिवावर मातीत भरतो. तुरा कापल्यावर सहा ते आठ आठवडे पाणी चालू ठेवून मग तोडा. पानं पिवळी झाली की काट्याने उकरून कंद काढा. खाली चिकटलेला जुना, सुरकुतलेला कंद मोडून टाका. भोवतीचे वाटाण्याएवढे पिल्ले कंद वेगळे ठेवा, त्यांना फुलायला दोन-तीन हंगाम लागतात. आठवडाभर सावलीत वाळवा, बुरशीनाशक चोळा, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून आत रंगाची चिठ्ठी टाका. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवणार असाल तर शेजारी सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतला कोंब खराब होतो.